मोलाचा खेळाडू ठरवायचा कसा?

२०१७-१८च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल एफसी गोव्याच्या फेरान कोरोमिनासचे होते: १८. बेंगळुरू एफसीच्या मिकूने १५ केले, सुनील छेत्रीने १४. तरीही मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘हीरो ऑफ द लीग’ किताब छेत्रीला मिळाला. स्वतःच्याच संघात गोलांच्या बाबतीत दुसरा असलेला खेळाडू अख्ख्या लीगमध्ये पहिला ठरला.

यात विसंगती नाही. गोल मोजायला ‘गोल्डन बूट’ वेगळा असतोच. दुसराही किताब त्याच मापाने दिला, तर तो द्यायचा कशाला? बेंगळुरूचा संघ या लीगमध्ये प्रथमच उतरला होता. छेत्रीच्या नेतृत्वाखाली त्याने ४० गुण मिळवले; दुसरा आलेला चेन्नईयिन ८ गुणांनी मागे होता. १७ मार्च २०१८ला कंठीरवा स्टेडियमवरील अंतिम सामन्यात पहिला गोलही छेत्रीचाच. सामना मात्र चेन्नईयिनने ३-२ असा जिंकला.

किताबातला ‘हीरो’ हा खरे तर प्रायोजक कंपनीच्या नावातून आलेला. पण वीर निवडण्याची रीत या शहराला जुनी आहे. उत्तर बेंगळुरूतील हेब्बाळ येथे इ.स. ७५०च्या सुमाराचा वीरगळ सापडला. राष्ट्रकूटांच्या बाजूने आलेल्या हल्ल्यात लढताना पडलेल्या कित्तय्याचा तो दगड. अशा दगडावर नाव कोरले जाते ते लढत कोण जिंकले हे पाहून नव्हे.

मतदाराची खरी अडचण ‘मोलाचा’ या शब्दात आहे. सर्वांत चांगला खेळला तो, की ज्याच्यावाचून संघाचे अडले असते तो? अमेरिकन फुटबॉल हा वेगळा खेळ, पण तिथे हा पेच उघडा पडला. असोसिएटेड प्रेसच्या ५० मतदारांनी २०२४च्या मोसमाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून जॉश ॲलनला निवडले. त्याच मंडळाने सर्वोत्तम संघ निवडताना ॲलनच्याच जागेवर लमार जॅक्सनला पहिले स्थान दिले होते! एकाच मोसमाला दोन प्रश्न विचारले आणि दोन उत्तरे आली.

मतदार कोण, यानेही निकाल बदलतो. पत्रकारांच्या मतांवर ठरणारा ‘बॅलन डी’ओर’ आजवर एकाच गोलरक्षकाला मिळाला, १९६३ साली लेव्ह याशिनला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू बराच काळ क्लबांच्या प्रशिक्षकांच्या मतांनी ठरत असे. त्यांनी २०१९-२०साठी बेंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू निवडला. त्याआधी २००९ साली सुब्रत पालही गोलरक्षकच. समोरच्या गोलरक्षकाला चकवायची योजना ज्याला आखावी लागते, त्याला त्याची किंमत कळतेच. २०२१-२२साठी मात्र राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकांनीच नावे सुचवली आणि छेत्रीला हा मान सातव्यांदा मिळाला.

मत कधी मागितले, हेही पाहावे लागते. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडू आपल्यातला सर्वोत्तम निवडण्यासाठी बराच काळ मतदान करत ते मोसम संपण्याआधी, त्यामुळे अखेरच्या आठवड्यांतला पराक्रम हिशेबात येत नसे. अमेरिकेतही बाद फेरीपूर्वीच मते घेतली जातात.

राहिली मतपत्रिका. प्रत्येकाने एकच नाव लिहायचे ठरले, तर एकाच संघातल्या दोघांत मते फुटतात, बरोबरीही होते. अमेरिकेत १९९७ आणि २००३ साली किताब विभागून द्यावा लागला. २०२२पासून तिथला मतदार पाच नावे क्रमाने लिहितो. त्यांना १०, ५, ३, २ आणि १ असे गुण मिळतात. या पद्धतीने ॲलनचे ३८३ गुण झाले, जॅक्सनचे ३६२.