विटांच्या भुकटीवरची बरोबरी

टेनिस हा शहरातला खेळ, निरगुडसरच्या बायांना त्याचं काय, असं वाटेल. तरी आज आम्ही मुद्दाम त्यावर बोलणार आहोत.

पॅरिसला दरवर्षी मे-जूनमध्ये फ्रेंच ओपन ही स्पर्धा भरते. तिथलं मैदान लाल मातीचं म्हणतात, पण वर असते विटांची भुकटी. थर जेमतेम दोन मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडी, मग खडी. आपल्या अंगणासारखंच त्यावर पाणी मारावं लागतं. या भुकटीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो. म्हणून नुसत्या जोराच्या फटक्यावर भागत नाही, दम आणि चिकाटी लागते.

इथे पुरुष आणि बाया दोघंही खेळतात, जोडीनेही खेळतात. 2012 मध्ये आपल्या सानिया मिर्झा आणि महेश भूपती यांनी मिश्र दुहेरी जिंकली.

पूर्वी मात्र बायांना बक्षिसाची रक्कम कमी मिळायची. एकेरीत पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बाया तीन, हे कारण सांगितलं जाई. खेळाडू बायांनी मागणी सोडली नाही. 2007 पासून सगळ्या फेऱ्यांत बक्षीस सारखं झालं.

'गड्याचं काम जड' हे आपणही ऐकतो. पण खुरपणीला, कांदा काढणीला दोघं एकाच वाफ्यात बसतात. सारख्या कामाला सारखी मजुरी, असा कायदा आपल्याकडे 1976 सालीच झाला. एकटीने मागितलं तर 'उद्या येऊ नको' म्हणतील. गटाने मागितलं तर ऐकावं लागेल. पुढच्या बैठकीत गावातली बाईची आणि गड्याची मजुरी वहीत शेजारी शेजारी लिहा. बोलणं तिथूनच सुरू करू.