जवसाचे बी, जवसाचे तेल आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग

नागपूर विभागातील शेतकऱ्यांना जवस हे पीक नवे नाही. महाराष्ट्रातील जवसाचे मुख्य क्षेत्र विदर्भातच आहे. भंडारा-गोंदियाकडील धानाच्या बांध्यांतून उभ्या पिकात बी फेकून घेतलेला उतेऱ्याचा जवस असो, अथवा काळ्या जमिनीत ऑक्टोबरमध्ये तिफणीने पेरलेला असो, घरच्या चटणीपुरता जवस बहुतेक कुटुंबे पूर्वी राखून ठेवीत. पुढे सोयाबीन आले, हरभऱ्याचे क्षेत्र वाढले आणि जवस मागे पडला. आता मात्र त्याला निराळ्याच कारणाने मागणी येऊ लागली आहे. जवसाचे तेल प्याल्याने वृद्ध पुरुषांना होणारा पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग बरा होतो, असे सांगणारे लोक भेटतात. त्याच तेलाने हा रोग वाढतो, असे सांगणारेही भेटतात. ह्या दोन्ही म्हणण्यांना शास्त्रीय संशोधनाचा काही ना काही आधार दाखविला जातो. तेव्हा जवस पिकविणाऱ्याने व खाणाऱ्याने हे प्रकरण मुळापासून समजून घेणे इष्ट होय.

पुरःस्थ ग्रंथी ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. उतारवयात ती बहुतेकांची थोडीफार वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग होतो तेव्हा तो अनेकांत वर्षानुवर्षे मंद गतीने वाढतो, तर काहींत लवकर हाडांपर्यंत पोचतो. पुरुषी संप्रेरकांवर ह्या रोगाची वाढ अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स ह्या शास्त्रज्ञाने सन १९४१ मध्ये दाखवून दिले व त्याबद्दल त्याला सन १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रोग भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. परंतु परदेशी जाऊन स्थायिक झालेल्या भारतीयांत त्याचे प्रमाण मायदेशातील लोकांपेक्षा अधिक दिसते. त्यामुळे आहाराचा व राहणीचा ह्या रोगाशी संबंध असावा, असा संशय शास्त्रज्ञांना प्रथमपासून होता.

बियात काय असते?

जवसाच्या दाण्यात दोन अगदी भिन्न वस्तू एकत्र नांदतात. पहिली म्हणजे तेल. दाण्याच्या वजनाच्या सुमारे ३५ ते ४५ टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग अल्फा लिनोलेनिक नावाच्या मेदाम्लाचा असतो. मासळीत सापडणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांच्या कुळातीलच हे एक होय. हवा लागताच ते प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणूनच जवसाचे तेल रंग, रोगण व छपाईची शाई ह्यांसाठी पूर्वापार वापरले गेले. सन १९४२ मध्ये रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांच्या देणगीतून नागपुरात जी तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, तिने तेलशास्त्राचे शिक्षण हा आपला विशेष मानला, तो विदर्भाच्या गळित धान्यांचा विचार करता स्वाभाविकच म्हटला पाहिजे.

दुसरी वस्तू दाण्याच्या टरफलात असते. तिला लिग्नन म्हणतात. इतर धान्ये व भाज्या ह्यांच्या तुलनेने जवसात ती फार मोठ्या प्रमाणात असते. आपल्या आतड्यांतील सूक्ष्म जीवाणू लिग्ननापासून एन्टेरोलॅक्टोन नावाचा पदार्थ तयार करतात व तो रक्तात मिसळतो. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यावर त्याचा सौम्य परिणाम होऊ शकतो, असे मानले जाते. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, लिग्नन तेलात उतरत नाही. घाणीतून तेल बाहेर पडते तेव्हा लिग्नन ढेपेत राहते. औषध म्हणून मालकाने तेल प्यावे आणि लिग्नन मात्र गोठ्यातील बैलाच्या वाट्याला जावे, असा हा प्रकार आहे.

संशय कोठून आला?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सन १९८६ पासून सुमारे एक्कावन्न हजार पुरुषांच्या आहाराची व आरोग्याची नोंद ठेवली. सन १९९३ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत प्राणिज चरबी, विशेषतः तांबडे मांस, अधिक खाणाऱ्यांत ह्या कर्करोगाचा पुढारलेला प्रकार अधिक आढळला. त्याच पाहणीत अल्फा लिनोलेनिक आम्लाचाही ह्या प्रकाराशी संबंध दिसला. जवसाच्या तेलाविषयीच्या भीतीचा उगम मुख्यतः येथे आहे. परंतु त्या पुरुषांच्या ताटात जवस जवळजवळ नव्हताच! त्यांना हे आम्ल मिळत होते ते मांस, लोणी व तेलापासून केलेल्या घट्ट पाश्चात्त्य चटण्या ह्यांतून. मग दोष आम्लाचा, मांसाचा, की दोहोंसोबत असलेल्या आणखी कशाचा, हे केवळ अशा पाहणीवरून ठरत नाही. पुढे निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. सन २००४ च्या अशा एका आढाव्यात धोका दिसला; सन २०१० च्या दुसऱ्या आढाव्यात तो दिसला नाही. एवढ्यावरून जवसाला दोषी ठरविणे न्यायाचे नाही.

रुग्णांवरील चाचण्या

पाहणीपेक्षा प्रत्यक्ष चाचणीचे मोल अधिक. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, गावात फिरून कोणाचे पीक चांगले आले ते विचारणे निराळे आणि एकाच शेतात वाफे पाडून खत दिलेला व न दिलेला असे दोन्ही वाफे तोलून पाहणे निराळे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. वेंडी डेमार्क-वॉनेफ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे वाफे पाडले. सन २००१ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या २५ रुग्णांवर प्राथमिक प्रयोग केला. तो आशादायक ठरल्यावर मोठी चाचणी घेण्यात आली व तिचे फलित सन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ह्या चाचणीत १६१ रुग्ण होते. सर्वांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढावयाची होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे चार गट पाडले. एका गटाने नेहमीचा आहार चालू ठेवला. दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला. तिसऱ्याचा आहार कमी स्निग्धांशाचा ठेवला. चौथ्याला जवस व कमी स्निग्धांश असे दोन्ही दिले. हा क्रम सुमारे महिनाभर चालला. नंतर काढलेल्या ग्रंथीतील कर्कपेशींवर विशिष्ट रंगद्रव्याची प्रक्रिया करून, वाढीच्या अवस्थेत असलेल्या पेशी मोजण्यात आल्या. नेहमीच्या आहाराच्या गटात अशा पेशींचे मध्यक शेकडा ३.२३ भरले. केवळ जवस घेणाऱ्यांत ते १.६६ आणि जवसासह कमी स्निग्धांश घेणाऱ्यांत १.५० होते. नुसता स्निग्धांश कमी करणाऱ्यांत २.५६ आढळले. ह्यावरून परिणाम जवसाचा होता, असे दिसते.

आकडे निश्चितच लक्षवेधी आहेत. तथापि त्यांतून काय सिद्ध झाले नाही, तेही पाहिले पाहिजे. चाचणी महिनाभराची होती. रुग्णांच्या रक्तातील पी. एस. ए. ह्या प्रथिनाच्या प्रमाणात गटागटांत फरक पडला नाही. रोग पसरण्याचे थांबले काय, रुग्णाचे आयुष्य वाढले काय, हे ह्या चाचणीने मोजलेच नव्हते. पेरणीनंतर महिन्याने रोपे तरारलेली दिसली म्हणून कोणी खळ्यावरचे पोते मोजून ठेवीत नाही.

ह्याच रुग्णांच्या नमुन्यांची पुढे जी तपासणी झाली, ती सर्वांत बोधप्रद आहे. सन २०१२ मध्ये असे आढळले की, ज्यांच्या ग्रंथीत अल्फा लिनोलेनिक आम्ल अधिक साठले होते, त्यांच्यात रोगाच्या उग्रतेची चिन्हेही अधिक होती. हा संबंध व्यक्तीव्यक्तींतील अनुवंशिक फरकावर अवलंबून असू शकेल, असेही संशोधकांनी नमूद केले. उलट सन २०१३ मध्ये असे दिसले की, ज्यांच्या शरीरात एन्टेरोलॅक्टोन अधिक तयार झाले, त्यांच्यात पेशींची वाढ कमी होती. म्हणजे टरफलातील द्रव्य बियाच्या बाजूने साक्ष देते आणि तेलातील आम्लाविषयीचा संशय पुरता मिटत नाही. अख्ख्या बियावर झालेल्या चाचणीचे श्रेय बाटलीतील तेलाला देता येणार नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. तेलात लिग्नन नाही; संशयित आम्ल मात्र पुरेपूर आहे.

वेगळा काढलेला अंश अख्ख्या अन्नासारखा वागत नाही, ह्याचा अनुभव ह्या रोगाच्या संशोधनात अन्यत्रही आला आहे. ई जीवनसत्त्वाने हा कर्करोग टळेल, ह्या आशेने ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर अमेरिका व कॅनडा येथे चाचणी झाली. सन २०११ च्या अहवालात केवळ ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत रोग १७ टक्के अधिक आढळला! मासळीच्या तेलाचीही कथा सरळ नाही. त्याच चाचणीतील पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास करून सन २०१३ मध्ये मासळीतील ओमेगा-३ मेदाम्ले धोक्याची असल्याचा निष्कर्ष निघाला. तर कॅलिफोर्नियातील १०० रुग्णांच्या, सन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक वर्षाच्या चाचणीत मासळीचे तेल व कमी तळकट आहार घेणाऱ्यांत पेशींच्या वाढीचे मान सुमारे १५ टक्क्यांनी उतरले आणि नेहमीचा आहार घेणाऱ्यांत २४ टक्क्यांनी चढले. हे फलित आशादायक असले, तरी ते मासळीच्या तेलाचे आहे, जवसाच्या नव्हे.

नागपूरकडील स्वयंपाकघरात आज सोयाबीन, सरकी, शेंगदाणा व करडई ही तेले चालतात. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. नाव लिनोलेनिकसारखे असले तरी हे दुसरे आम्ल होय. सोयाबीनच्या तेलात लिनोलेनिक अवघे सातेक टक्के असते. ह्यांपैकी कोणतेही एक तेल ह्या कर्करोगाला कारण किंवा त्यावर उपाय आहे, असे म्हणण्यास पुरावा नाही. तिळातही लिग्नने आहेत. पण त्यावरून तिळाला औषध ठरविता येत नाही.

घरातील वापर

जवसाची चटणी करण्याची आपल्याकडील रीत ह्या दृष्टीने अगदी योग्य आहे. अख्खा दाणा चावला गेला नाही तर तसाच पोटातून बाहेर पडतो. तो कुटला किंवा दळला पाहिजे. कच्च्या जवसात सायनाइड उत्पन्न करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात. चाचणीतील ३० ग्रॅम म्हणजे दळलेल्या जवसाचे मोठे तीन चमचे, आणि भाकरीबरोबर खाल्ली जाणारी चटणी सहसा त्याहून कमी असते. प्रमाण वाढवावयाचे असल्यास हळूहळू वाढवावे व पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट फुगते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी व ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असे करू नये. मासळीचे व जवसाचे तेल औषधादाखल घेणाऱ्यांनीही ते डॉक्टरांपासून लपवू नये.

लघवीला वारंवार जावे लागणे, धार बारीक होणे, लघवीत रक्त दिसणे, कमरेची हाडे सतत दुखणे ही लक्षणे दिसल्यास चटणीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. त्यांचे कारण बहुधा कर्करोग नसतो. पण ते तपासल्याखेरीज कळत नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे ह्या रोगावर उपचार होतात. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना सापडला, तर उपचार पुष्कळ यशस्वी होतात. तेलावर विसंबून गेलेले सहा महिने मात्र परत मिळत नाहीत.

पिकविणारे आणि विकणारे

जवसाचे क्षेत्र वाढावे, ही इच्छा रास्तच आहे. नागपूरच्या कृषि महाविद्यालयातील जवस संशोधन केंद्राने एन. एल. ९७ व पी. के. व्ही. एन. एल. २६० यांसारखी वाणे दिली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर टी. एल. ९९ हे अत्यल्प लिनोलेनिक आम्लाचे वाण काढले. हेतू हा की तेल टिकावे व स्वयंपाकास चालावे. कर्करोगाचा त्यात संबंध नव्हता.

घाणीचे तेल किंवा दळलेला जवस पाकिटात भरून विकणाऱ्या शेतकरी गटांनी पाकिटावर कर्करोगाचे नाव छापू नये. औषधे व जादूचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस प्रतिबंध करणाऱ्या सन १९५४ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे, आणि तो बरा होतो अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पाकिटावर दळल्याची तारीख छापावी, हे अधिक उपयोगाचे. दळलेला जवस व काढलेले तेल नागपूरच्या उन्हाळ्यात फार लवकर खवट होते. म्हणून बी अख्खे साठवावे, आठवड्याला लागेल तेवढेच भाजून कुटावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे. तेल गडद रंगाच्या लहान बाटलीत भरावे व तळणासाठी वापरू नये. त्याला रोगणासारखा वास येऊ लागला, तर ते पोटात न घेता कुदळ-फावड्यांच्या दांड्यांना चोपडावे.