पडदा पुसला म्हणजे काय पुसले?

कचेरीतील संगणकावर कधी नुसता काळा पडदा दिसतो. त्याला टर्मिनल म्हणतात. तेथे चित्रे नाहीत. कमांड टंकायची, एंटर दाबायचे आणि उत्तर वाचायचे. कमांड म्हणजे हुकूम, आणि हुकूम ही चीज कामगाराला शिकवावी लागत नाही! बिडकीन-शेंद्र्याच्या नव्या वसाहतीत लागलेल्या आपल्या मुलांना हे सहज जमते. परंतु पडदा पुसल्यावर नेमके काय पुसले जाते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

तारखात्यातील टेलिप्रिंटर कागदावर छापत. छापलेले पुसण्याची सोयच नव्हती. पुढे कागदाची जागा काचेने घेतली. १९७८ साली अमेरिकेत निघालेले व्हीटी-१०० हे यंत्र इतके रूढ झाले, की त्याच्या खुणा आजही चालतात. काच पुसायची खूण अक्षरांच्याच रांगेतून जाते: २७ क्रमांकाचे एस्केप हे चिन्ह, मग चौकोनी कंस, मग २ आणि जे. ती छापायची नसते, पाळायची असते. लिनक्सवर ‘क्लिअर’ टंकले, की हीच खूण रवाना होते.

आता पैठणचा माग आठवा. विणलेले कापड विणकरापुढील रुळावर गुंडाळत जाते. दृष्टीआड होते, नाहीसे होत नाही. टर्मिनलमधून वर सरकलेल्या ओळींचेही तसेच. कंट्रोल आणि एल या कळा दाबल्या, तर बहुतेक ठिकाणी समोरची काच तेवढी कोरी होते. गुंडाळी शाबूत राहते. ‘क्लिअर’ने अलीकडच्या पुष्कळ यंत्रांवर गुंडाळीही जाते, पण सर्वत्र नव्हे. म्हणून पडदा वर सरकवून पाहावे.

हा बारकावा कशासाठी? सामायिक संगणकावर कोणी युनियनच्या सभासदांची यादी उघडली, पडदा पुसला आणि तो चहाला गेला. मागून आलेल्याने चाक फिरवले, की नावे पुन्हा हजर! जेथे युनियनला मान्यता नाही, तेथे अशा यादीची किंमत काय, हे निलंबन सोसलेल्यांना विचारावे.

यादी ‘कॅट’ने ओतण्याऐवजी ‘लेस’ने उघडावी. तो बहुधा वेगळ्या पडद्यावर दाखवतो. क्यू दाबून बाहेर पडले, की मागे ओळी उरत नाहीत. तरीही दिलेले हुकूम ‘हिस्टरी’त नोंदलेले असतात, ते ‘क्लिअर’ने जात नाहीत. आणि यादीची फाइल डिस्कवर जशीच्या तशी असते. ती मालकाच्या यंत्रावर ठेवलीच का, हा प्रश्न युनियनच्या बैठकीत विचारायचा.