मॉन्टेरेचं पाण्यातलं रान

मुखेडच्या शिवारात रान म्हटलं की बाभळी, पळस आणि बालाघाटाच्या माळावरचं वाळकं गवत. पाण्याखालीही रान असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं ते सॅन होजेला पुतण्याकडे गेलो तेव्हा. कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबं पाहुण्याला हमखास जिथे नेतात, त्यातलं एक ठिकाण म्हणजे मॉन्टेरे. सॅन होजेहून गाडीने सव्वा-दीड तास.

समुद्रकाठच्या या गावात कॅनरी रो नावाच्या रस्त्यावर एकेकाळी सार्डीन मासळी डब्यात भरण्याचे कारखाने होते. मासळी आटली, कारखाने एकेक करून थंडावले. होव्हडेन कॅनरी १९७३मध्ये बंद पडली. तिच्याच जागेवर २० ऑक्टोबर १९८४ रोजी मॉन्टेरे बे ॲक्वेरियम सुरू झालं. ह्यूलेट-पॅकार्डचे एक संस्थापक डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी त्यासाठी साडेपाच कोटी डॉलर दिले. जुन्या कारखान्याचे बॉयलर आजही आत जपून ठेवले आहेत.

आत बघण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र एकाच टाकीसमोर अडकलो. उंची २८ फूट; आमच्याकडची पाच परस विहीर काचेआडून बुडापासून काठापर्यंत दिसावी, तशी. तिच्यात तळापासून वरपर्यंत सोनेरी-तपकिरी केल्प उभं. अधूनमधून उन्हाची तिरीप उतरते आणि पातीन् पाती उजळते. बुंध्यांमधून सार्डीनचा थवा वळतो, तळाशी अंगावर पट्टे असलेली लेपर्ड शार्क फिरते. ही आपल्या कोकणातल्या मुशीच्या जातकुळीतली.

केल्प हे झाड नव्हे, तपकिरी शैवाल आहे. त्याला मुळं नसतात. बुडाशी बोटांसारखे फाटे खडकाला घट्ट धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. अन्न ते अंगभर, थेट पाण्यातून घेतं. प्रत्येक पात्याच्या देठाशी आवळ्याएवढा हवेचा फुगा असतो, म्हणून लाकडाशिवायही हे रान ताठ उभं राहतं.

पण साचलेल्या पाण्यात ते जगत नाही. पाणी हललं तरच पात्यांना नवं अन्न भेटतं. म्हणून टाकीवर लाटा उठवणारं यंत्र बसवलं आहे. छत उघडं आहे, कारण उन्हाशिवाय वाढ नाही. पाणी शेजारच्या उपसागरातून अखंड येतं. दिवसा प्रेक्षकांना स्वच्छ दिसावं म्हणून ते गाळून सोडतात आणि रात्री न गाळता. त्या कच्च्या पाण्यातून सूक्ष्म जीव, अळ्या, बीजाणू आत येतात आणि टाकीत आपसूक वस्ती करतात. मला सगळ्यात भावली ती हीच गोष्ट. इथे समुद्राचा देखावा उभारलेला नाही, समुद्रालाच आत येऊ दिलं आहे. केल्प इतकं जोमात वाढतं की पाणबुड्यांना नेमाने उतरून छाटणी करावी लागते.

भिंतीपलीकडच्या खऱ्या समुद्रात मात्र चित्र काळजीचं आहे. २०१३पासून तारामाशांमध्ये रोग पसरला, पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. केल्प कुरतडणाऱ्या काटेरी सी अर्चिनना खाणारे मोठे तारामासे संपले आणि अर्चिन मोकाट सुटले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. मॉन्टेरेजवळ काही पट्टे तगले, त्यात अर्चिन खाणाऱ्या समुद्री पाणमांजरांचा वाटा आहे. कातड्यासाठी याच पाणमांजरांची इतकी शिकार झाली होती की ती इथून नामशेष झाली असंच लोक समजत होते. १९३८मध्ये बिग सुरच्या किनाऱ्यावर त्यांचा एक लहानसा कळप नजरेस पडला.

आपल्याकडे हे केल्प नाही. त्याला थंड पाणी लागतं, अरबी समुद्र उबदार. पण मालवणच्या खडकांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शैवाल वाढतं, ते याचंच भाऊबंद. मालवणला गेलात तर किल्ला पाहून परतण्याआधी ओहोटीला खडकांवर जरूर डोकवा.

मॉन्टेरेचं तिकीट साठ डॉलरच्या पुढे आहे, प्रवास तर विचारूच नका. मात्र ॲक्वेरियमने या टाकीसमोर कॅमेरा लावला आहे आणि त्याचं थेट चित्रण संकेतस्थळावर फुकट दिसतं. तिकडे उजाडतं तेव्हा मुखेडला रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवणं आटोपली की मुलांना जवळ घेऊन एकदा बघाच.