विश्लेषण : कोंबडीच्या पेशीत दडलेला विषाणू कधी जागा होतो?

सौंदड (जि. गोंदिया) : परसात पाच-दहा गावठी कोंबड्या असलेल्या घरात ‘विषाणू’ म्हटले की बर्ड फ्लूच आठवतो. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. मात्र प्रत्येक निरोगी कोंबडीच्या पेशीतही विषाणूंची जनुके असतात. ती आजारातून नव्हे, आईबापाकडून आलेली असतात.

ही जनुके आली कशी?

रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. हे बीजपेशीत घडले, की ती प्रत पुढच्या पिढ्यांना मिळते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन वाइस यांनी अशा वारशाचे पुरावे दिले. पुढे तांबड्या रानकोंबड्यांतही तो आढळला. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्यात मात्र या गटाची जनुके सापडली नाहीत.

मग कोंबडी आजारी का पडत नाही?

बहुतेक जनुकांवर मिथाइल गटांचे जणू कुलूप असते. १९८१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ५-अझासायटिडिन हे रसायन वापरून ते उघडले आणि गप्प असलेले जनुक कामाला लागले. काही कोंबड्यांत फक्त आवरणाचे प्रथिन तयार होते. ते पेशीचे दार अडवून तशाच बाहेरच्या विषाणूला रोखते.

पाळणाऱ्यांना याचा काय संबंध?

पिसे उशिरा फुटण्याच्या जनुकाला लागून ‘ईव्ही-२१’ हा विषाणू-वारसा असतो. पिसांवरून नर-मादी पिल्ले ओळखताना हे जनुक उपयोगी पडते. पण ईव्ही-२१ मुळे बाहेरून येणाऱ्या ल्युकोसिस विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती दुबळी पडू शकते. म्हणून पैदाशीचे कोंबडे-कोंबड्या निवडताना याचा विचार होतो. चिलीतील अरौकाना कोंबडीचे निळे अंडेही अशाच घुसखोरीची देणगी आहे, हे २०१३ मध्ये उलगडले.

माणसाला धोका?

गालगुंडाची लस कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवतात. १९९० च्या दशकात अशा लशींत या जुन्या विषाणूंच्या विकराच्या खुणा दिसल्या. तपासणीत लस घेतलेल्यांना संसर्ग झाल्याचे आढळले नाही.

थोडक्यात, वारशाने आलेला विषाणू आणि पसरणारी साथ यांत गल्लत नको. कोंबड्यांत अचानक मरतूक दिसली, तर मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.