घुमी नव्हे, सावकाश

महाशिवरात्रीला मार्कंड्यात वैनगंगेकाठी दर्शनाची रांग लागते. ‘कोणत्या गावचे जी?’ एवढं विचारून एखादी बाई देवळाच्या दाराशी पोहोचेस्तोवर पुढच्या बाईशी नातं जोडून मोकळी होते. मागे उभ्या तिच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून मात्र ‘हो’, ‘नाही’पलीकडे शब्द फुटत नाही. अशा बहिणी कोणत्याही रांगेत दिसतील. दुसरीला सासरी ‘घुमी’ म्हणतात, कधी गर्विष्ठही. मग हळदीकुंकवाला तिला बोलवायचंही राहून जातं.

हा गर्व नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवली, नवे आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. पुढे अनोळखी माणसांपुढे बुजणारी मुलं यांच्यातूनच जास्त निघाली, सगळीच नाहीत. जुळ्यांवरील अभ्यासांनुसार, बहिर्मुखतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो.

मैत्रीला वेळही लागतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये हिशेब मांडला: ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, जिवलग मैत्रीला २००हून अधिक. हे आकडे अमेरिकेतले; धानाच्या बांधीत ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण जत्रेत चटकन बोलणाऱ्यांचंच फावतं, हे खरं. सावकाश जुळणाऱ्यांना तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात, हाताला काम असेल तर उत्तम. रोवणीत शेजारी वाकून रोप लावताना बोलायलाच हवं असं नसतं. बचत गट, भजनी मंडळ यांचंही तेच. याच जिल्ह्यातल्या माडिया गावांत गोटुल असतं. तिथेही गावची माणसं एकत्र जमतात.

आणखी एक गंमत. २०१८च्याच एका अभ्यासात अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावलं. समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज बहुतेकांनी कमी लावला, लाजाळूंनी तर फारच कमी. म्हणजे घुमी बहीण रांगेतून ‘माझं काही जमलं नाही’ म्हणत परतते, तेव्हा पुढच्या बाईला ती बरी वाटलेली असण्याची शक्यता बरीच असते.

अबोलपणा आजार नव्हे. मात्र जावंसं वाटत असूनही धडधडीमुळे लग्न, बाजार, दवाखानाही टाळला जात असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीतून बोलता येतं. फोनवर बोलणंच जड जात असेल, तर घरच्या कोणाला तरी शेजारी बसवून घ्यावं.