इंजिन बांधायचं की बदलायचं?

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. एमएच ३८ ही पाटी त्यानंतरची. ती लावून सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावर आलेल्या गाड्यांनी आता विशी गाठली किंवा ओलांडली आहे. काही भंगारात गेल्या, काही आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या आहेत. पण बऱ्याच बोलेरो, सुमो, काळ्या-पिवळ्या जीप आणि पुढे हळदीच्या पट्टीतून घेतलेल्या स्विफ्ट-डिझायर अजून धावताहेत. अशा गाडीच्या मालकाला एक दिवस मिस्त्री हात पुसत सांगतो, "दादा, इंजिनाचं काम निघालंय."

त्या क्षणी दोन विचार येतात. गाडी विकून टाकावी, नाहीतर कुठून तरी दुसरं इंजिन आणून बसवावं. दुसरा विचार वाटतो तेवढा अचाट नाही. फक्त त्याची सुरुवात इंजिन शोधण्यापासून करायची नसते. आधी जुनं इंजिन खरंच गेलंय का हे पाहायचं, मग कागद पाहायचे आणि बाजारात सगळ्यात शेवटी जायचं. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो.

इंजिन बदलणं ही गॅरेजवाल्यांची खोड आहे, असंही कुणी समजू नये. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा बॉनेटखाली पेट्रोल इंजिन होतं. पुढे डिझेलची मागणी आली, तेव्हा कंपनीनेच जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन घातलं. ते इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, २३५० सीसीचं होतं. नंतर फ्रान्सच्या प्युजो कंपनीचं २११२ सीसीचं एक्सडीपी आलं आणि त्यासाठी इगतपुरीला कारखाना उभा राहिला. त्यामागून २५२३ सीसीचं डीआय आलं. पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल इंजिन मॅटाडोरमध्ये घातलं, ट्रॅक्समध्ये घातलं, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी तेच उचलून अॅम्बॅसिडरमध्ये बसवलं.

हे जमत होतं, कारण त्या काळच्या डिझेल इंजिनाला गाडीशी फारसं बोलावं लागत नसे. माउंटिंग वेल्डिंग करून जुळवायचं, गियरबॉक्सला मधली प्लेट द्यायची, डिझेलची नळी, स्टार्टरची वायर आणि बंद करायला ओढायची केबल लावली की गाडी चालू. विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करून हात बसलेल्या माणसांना यात नवीन असं काही नव्हतं. आजही वसमत, कळमनुरीकडे जुनी जीप बघणारा मिस्त्री कानानेच अर्धं निदान सांगतो. मात्र २००५ नंतरच्या गाडीला त्याच कानावर सोडून चालत नाही.

तर आधी निदान. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत जातंय, किंवा डिझेल न जळता बाहेर पडतंय. यातल्या फक्त निळ्या धुराचा संशय थेट रिंग-पिस्टनवर जातो, आणि तिथेही टर्बो आडवा येतो. टर्बोची सील गेली की ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जातं आणि धूर तसाच निळा दिसतो. टर्बो बदलून भागलं असतं अशा गाडीचं अख्खं इंजिन उतरवलं गेल्याची उदाहरणं कुठल्याही गॅरेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळतील.

म्हणून कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि आकडे कागदावर लिहून मागा. चांगल्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण १५० ते १८० पीएसआय मिळतं. डिझेलमध्ये ते ३५० च्या पुढे असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो सिलिंडरा-सिलिंडरांमधला फरक. तो दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर प्रकरण गंभीर समजावं. पेट्रोल इंजिनात एक जुनी युक्ती आहे. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर रिंग-बोअर झिजलेत, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायचं. डिझेलवर हा प्रयोग करू नये. तिथे पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की जास्तीचं ऑइल कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं.

बोअरची खरी झीज कळते ती हेड उघडून बोअर गेज लावल्यावर. लेथवाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होऊ घातली आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. चार किलोमीटर लांब भुजांमध्ये प्रोटॉनहून कितीतरी लहान फरक मोजायचा, हे तिचं काम. आपल्याला तेवढं सूक्ष्म नको, पण अंगठा फिरवून "बोअर गेला" म्हणणाऱ्यावर विसंबून लाखभर रुपये घालवू नयेत.

निदान पक्कं झालं की तीन वाटा उरतात. पहिली, आहे तेच इंजिन बांधून घेणं: बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवे लाइनर, क्रँक घासून बेअरिंग, हेडचं काम. दुसरी, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन. तिसरी, वेगळंच इंजिन. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिली वाट बहुतेकांना पुरते, दुसरी ब्लॉक फुटला किंवा क्रँक मोडला तरच धरावी, आणि तिसरी रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी सोडून द्यावी.

कारण कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रावर असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला मुभा आहे. दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकांना राज्य सरकार एक सवलत देऊ शकतं: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची. बाकीच्यांनी आधी आरटीओची परवानगी घ्यायची. बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत तो कळवून प्रमाणपत्रावर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यायचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना जागा नाही असंच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

इथेच पहिल्या वाटेचा मोठा फायदा कळतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच ठेवून आतलं सगळं नवं केलं तरी कागदावर अक्षरही बदलत नाही. पंधरा वर्षांच्या पुढे नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी पासिंगला नेली की इन्स्पेक्टर क्रमांक पडताळतो, आणि तो जुळतो. या नूतनीकरणाची फी मोटारीसाठी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, त्यामुळे ती भरण्याआधीच इंजिनाचा निर्णय घेतलेला बरा. जुळत नसलेल्या क्रमांकाची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीला दावा अडवायला आयतंच कारण मिळतं.

तरीही दुसरं इंजिन घ्यायची वेळ आलीच, तर ते कुठून? नांदेड, अकोला, पुढे मुंबईत कुर्ल्याचा बाजार आणि दिल्लीची मायापुरी. दिल्लीकडून इंजिनं येण्यामागे एक सरळ कारण आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. चालत्या अवस्थेतल्या कितीतरी डिझेल गाड्या परराज्यांत गेल्या, काही तुकड्यातुकड्यांनी. असं इंजिन घेताना किंमत नंतर विचारा. आधी ज्या गाडीतून ते उतरलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल मागा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून घेतलं तर हे सोपं जातं. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर आरटीओत नव्हे, पोलीस ठाण्यात जावं लागतं.

आपल्या भागातल्या छोट्या डिझेल गाड्यांत सगळ्यात जास्त आढळतं ते १२४८ सीसीचं फियाट मल्टिजेट. मारुतीने ते डीडीआयएस म्हणून विकलं, टाटाने क्वाड्राजेट म्हणून, आणि पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती, तर अर्टिगा-सियाझमध्ये व्हेरिएबल टर्बो लावून ९०. बीएस-६ चे नियम आले तेव्हा एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल बंद केलं आणि हे इंजिन मागे पडलं. एवढ्या कंपन्यांनी वापरल्यामुळे सुटे भाग मुबलक आहेत. पण त्यातूनच एक गैरसमज पसरतो की टाटाच्या व्हिस्टाचं इंजिन स्विफ्टमध्ये सरळ बसेल. ब्लॉक भाऊबंद असला तरी माउंटिंग, सेन्सर, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) कंपनीप्रमाणे वेगळे. चावीतली चिप ईसीएमशी बांधलेली असते, ती ओळखली नाही तर स्टार्टर फिरेल पण इंजिन पेटणार नाही. अनेक कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टरवर कोड छापलेला असतो, आणि इंजेक्टर बदलले की स्कॅनर लावून तो कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. नाही भरला तर गाडी खडखडते, धूर सोडते, आणि दोष बिचाऱ्या नव्या इंजिनाच्या माथी येतो. म्हणून त्याच मॉडेलचं, शक्यतो त्याच सालचं इंजिन बघा. आणि मिस्त्रीबरोबर स्कॅनर वापरणारा इलेक्ट्रिशियन आधीच ठरवून ठेवा.

मुहूर्ताचंही पाहावं लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल हळदीची काढणी, शिजवणी, पॉलिश आणि वसमत-हिंगोलीच्या बाजाराच्या खेपा. महाशिवरात्रीला औंढा नागनाथची यात्रा, त्यामागून लग्नसराई. आषाढीला नर्सी नामदेवकडून पंढरपूरच्या वाटेला लागलेल्या दिंडीमागे सामानाच्या गाड्या, आणि श्रावण लागला की पुन्हा औंढ्याचे सोमवार. भाड्याची गाडी असेल तर आषाढी एकादशी ते श्रावण एवढीच फट मोकळी सापडते. लेथवाल्याकडेही तेव्हा तुलनेने गर्दी कमी असते. तो दोन दिवस म्हणाला की आठवडा धरावा, आणि पिस्टन-रिंगचा संच हातात आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नये. उघडी पडलेली गाडी गॅरेजमध्ये महिनोन्महिने राहते ती बहुतेक एका न मिळालेल्या सुट्या भागापायी.

इंजिन चेनकप्पीवर लटकलं की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकची मागची ऑइल सील, माउंटिंगचे रबर, वॉटर पंप, होज पाइप आणि टायमिंग चेन तेव्हाच बदलून घ्यावी. मजुरी वेगळी पडत नाही. रेडिएटर उघडून साफ करून घ्या. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या मुलखात अर्धवट तुंबलेला रेडिएटर नवं इंजिन एका उन्हाळ्यात संपवतो. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची सवय काही मिस्त्र्यांना आहे. तसं करू देऊ नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीच्या दिवसांत नीट तापतच नाही, ऑइल पातळ होत नाही, आणि ज्या झिजेसाठी खर्च केला ती पुन्हा सुरू होते. एअर फिल्टरच्या पाइपला चीर असेल तर तीही बघा. काळ्या मातीची बारीक धूळ बोअरला कानशीसारखी घासते.

टर्बोच्या गाडीत अजून दोन कामं विसरली जातात. जुना टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असतं. ते धुतलं नाही तर नवं इंजिन ते ऑइलच पिऊन सुसाट सुटतं, आणि चावी काढली तरी थांबत नाही. बेअरिंग झिजून इंजिन गेलं असेल तर धातूची कणी ऑइल कूलरमध्ये अडकून राहते. कूलर बदलावा, धुण्यावर विसंबू नये.

पहिल्यांदा चालू करताना इंधन तोडून स्टार्टर फिरवायचा. ऑइलचं प्रेशर चढून दिवा विझला की मगच पेटवायचं. नवीन रिंग उभ्या गाडीत तासन्‌तास आयडलवर ठेवून बसत नाहीत, त्यांना थोडा भार लागतो. हिंगोली-औंढा रस्त्यावर वेग बदलत, मध्यम भार देत गाडी चालवा. पहिले पाचशे किलोमीटर ट्रॉली ओढू नका आणि खालच्या गतीत वरच्या गियरमध्ये इंजिन कोंडू नका. हजार किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. बारीक राखाडी चमक चालते, नखाला लागेल असा तुकडा चालत नाही.

इंजिनच बदललं असेल तर जुनं भंगारात देताना त्याचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि आरटीओच्या कागदांबरोबर ठेवा. प्रमाणपत्रावर नवा क्रमांक चढेपर्यंत ते लोखंड कायद्याने तुमच्याच गाडीचं असतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत पुन्हा उभं राहिलं तर पहिला फोन तुम्हालाच येतो.